न्हाणीघराचे दार कोणत्या बाजूला उघडते?

मुलुंडच्या आमच्या वस्तीत चाळ होती, तेव्हा मोरीला दार नव्हते. जुन्या लुगड्याचा पडदा दोरीवर सरकवला की झाली आंघोळ. पुढे इमारत झाली, संडास-बाथरूम घरात आले. कडी लावून निवांत आंघोळ करण्याचे सुख माझ्या आईला साठी उलटल्यावर मिळाले. तिला त्याचे केवढे अप्रूप!

त्याच बाथरूममध्ये एका सकाळी ती घसरून पडली. दार आत उघडणारे, आणि दाराला तिचाच पाय आडवा. आतून कण्हणे ऐकू येते, बाहेरून ढकलावे तर तिलाच लागते. बिजागऱ्या आतल्या बाजूला, कडीही आतच. शेवटी शेजारच्या मुलाने पीव्हीसीचे दार ब्लेडने कापले, तेव्हा आम्ही आत शिरलो. त्यात पाऊण तास गेला.

म्हणून सांगतो, बाथरूमचे दार घेताना रंग आणि डिझाइन मागाहून पाहावे. ते बाहेर उघडेल का, हे आधी पाहावे. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत १९९५ साली २२५ चौरस फुटांचे घर मिळत असे, २००८ मध्ये २६९ झाले, २०१८ च्या नियमांत ३००. एवढ्यात बाथरूमच्या वाट्याला येऊन येऊन किती येणार? तेवढ्या जागेत आत उघडणारे दार अर्धी जागा खाते. बाहेर उघडावे तर फ्रिज आडवा येतो, अशी पुष्कळांची अडचण असते. तिथे बाहेरच्या भिंतीवरून सरकणारे दार किंवा घडीचे पीव्हीसी दार बसवता येते. सरकते दार घ्याल तर वरून टांगलेले घ्या. खालच्या पट्टीत साबणाचा मळ साचतो आणि म्हाताऱ्या माणसाचा अंगठा अडकतो. घडीचे दार स्वस्त आणि हलके, पण त्याच्या बिजागऱ्या लवकर सैल होतात, हेही लक्षात ठेवावे.

हल्ली तरुण मंडळींना शॉवरला काचेचे दार हवे असते. हौसेला माझा विरोध नाही. मात्र काच टफन्डच हवी, आणि तिच्यावर आय.एस. २५५३ हा भारतीय मानकाचा क्रमांक आहे का ते स्वतः पाहावे. अशी काच फुटली तर तिचे बोथट तुकडे होतात, सुरे होत नाहीत. टफन्ड केल्यावर ती कापता येत नाही, म्हणून माप तिन्ही ठिकाणी घ्यावे, वर, मध्ये आणि खाली. आपल्याकडच्या भिंती सरळ असतील असे धरून चालू नये! महापालिकेचे तलावाचे पाणी तसे मऊ असते. पण टाकीत बोअरचे पाणी मिसळत असेल तर काचेवर पांढरे डाग पडणार, आणि ते घासण्याचे काम घरातल्या बाईच्याच गळ्यात पडणार. संडास आणि नळ यांच्यामध्ये एक साधा प्लास्टिकचा पडदा लावला तरी कोरडी बाजू कोरडी राहते, शिवाय कोणी पडले तर पडदा आडवा येत नाही.

घरात व्हीलचेअर असेल तर हिशेब वेगळा. सुगम्य दाराला चौकट सोडून ९०० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तीन फूट मोकळी जागा लागते, आणि खुर्ची पुरती वळायला साधारण दीड मीटर. आपल्या बाथरूमला ते कुठून जमायचे? चौकट रुंद करायची झाली तर आधी सोसायटीला विचारावे आणि इंजिनीअरला दाखवावे. पिलरला हात लावू नये. ते शक्य नसेल तर उंबरठा काढून पाण्याचा उतार जाळीकडे नीट करून घ्यावा, आत खाली रबर असलेली पक्की खुर्ची ठेवावी आणि हातात धरायचा शॉवर लावावा. बसून आंघोळ करण्यात कमीपणा कसला?

भिंतीला धरायचा स्टीलचा दांडा हवाच. टॉवेलच्या दांड्याला धरून उठण्याची सवय घातक आहे. आमच्यासारख्या इमारतींत आतल्या भिंती बहुधा सिपोरेक्सच्या असतात, त्यात साधा प्लग-स्क्रू माणसाच्या वजनाने निघून येतो. मिस्त्रीला भिंत ठोकून पाहायला सांगा, त्या भिंतीला चालेल असाच बोल्ट टाकायला लावा आणि बसवल्यावर स्वतः लोंबकळून बघा.

राज्य शासनाने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील गरजू ज्येष्ठांना ३००० रुपयांची एकरकमी मदत होती, आणि तिच्या साहित्यात कमोड खुर्ची, वॉकर व व्हीलचेअर होते. सध्या अर्ज घेतात का, हे समाजकल्याण कार्यालयात विचारावे. विचारायला पैसे पडत नाहीत.

आमच्या घरी आम्ही फ्रिज हलवला आणि दार बाहेर उघडणारे केले. कडी मात्र आई सोडायला तयार नाही. तिचे म्हणणे, इतक्या वर्षांनी मिळाली आहे. म्हणून बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येईल असे लॅच बसवले. एक रुपयाचे नाणे चौकटीवर ठेवलेले असते. घरात सुट्ट्या पैशांची कितीही ओढाताण असली तरी त्याला कोणी हात लावत नाही.