कवीचा चौथा प्रहर

रिसोड किंवा मानोऱ्यात बसून कविता लिहिणाऱ्याला आज वाचक शोधत हिंडावे लागत नाही. रात्री लिहून झालेली कविता तो व्हॉट्सॲपच्या गटावर टाकतो आणि सकाळचा चहा होईस्तोवर चंद्रपूरपासून सोलापूरपर्यंतच्या लोकांनी ती पाहिलेली असते. खाली ‘वाह’, ‘अप्रतिम’, ‘क्या बात है’, दोन जोडलेले हात, एखादे गुलाबाचे फूल. वाशिम जिल्ह्याच्या दृष्टीने ही सोय लहान नाही. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला, सहा तालुक्यांचा, सोयाबीन आणि तुरीवर जगणारा हा जिल्हा २०१८ मध्ये केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेला, म्हणजे विकासात मागे राहिलेला म्हणून नोंदला गेला. मराठीतली बहुतेक मोठी प्रकाशनगृहे आणि नियतकालिके पुण्या-मुंबईची. इथल्या कवीने स्वतःचा पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट सोबत जोडून कविता पाठवायची आणि महिनोन्‌महिने पोस्टमनची वाट पाहायची, अशी रीत परवापरवापर्यंत होती. ती मोडली हे चांगलेच झाले. तरीही माझे म्हणणे असे की, या सोयीने कवींचे अर्धेच काम केले आहे. कविता ऐकवायला जागा मिळाली. ती तपासून घ्यायला जागा अजून मिळालेली नाही. आणि हे राहिलेले अर्धे काम हाती घेण्याचा हक्क वाशिमइतका दुसऱ्या गावाला क्वचितच असेल.

हा हक्क फार जुना आहे. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. दहाव्या शतकाच्या आसपास राजशेखराने ‘काव्यमीमांसा’ लिहिली, तिच्यात काव्यपुरुषाची कथा आहे. सरस्वतीचा हा मुलगा रुसून घराबाहेर पडतो. त्याला प्रेमाने बांधून ठेवावे म्हणून गौरी साहित्यविद्येला निर्माण करते आणि त्याच्या मागोमाग पाठवते. पूर्वेकडे, पांचालात, अवंतीत ती त्याच्या पाठीमागे फिरते, पण तो पुरता वश होतो तो दक्षिणेत, आणि दोघांचे लग्न लागते ते विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात. कथा गोड आहेच, पण तिच्यातला विचार अधिक मोलाचा वाटतो. काव्य एकटे भटकते. ज्या विद्येने त्याची पारख करायची ती सोबत आली, की त्याचा संसार उभा राहतो. याच वत्सगुल्माच्या शाखेचा संस्थापक राजा सर्वसेन चौथ्या शतकात स्वतः प्राकृत कवी होता. त्याचे ‘हरिविजय’ हे काव्य आज उपलब्ध नाही. ग्रंथ हरवला, नाव मात्र टिकले. ते टिकले दुसऱ्यांनी दिलेल्या प्रतिसादामुळे. काश्मीरच्या आनंदवर्धनाने नवव्या शतकात ‘ध्वन्यालोका’त या काव्याचा दाखला दिला, तो नुसता ‘सुंदर’ म्हणून नव्हे. परंपरेने आलेली कथा रसाला अनुकूल नसेल तर कवीने ती बदलावी, हा मुद्दा मांडताना त्याने सर्वसेनाकडे बोट दाखवले. पुढे काव्यशास्त्रकार कुंतकाने सहज सुकुमारतेसाठी सर्वसेनाला कालिदासाच्या जोडीला बसवले. कवितेत नेमके काय साधले आहे ते नाव घेऊन सांगणारे दोन वाचक मिळाले आणि वाशिमचा कवी पुस्तक हरवूनही शिल्लक राहिला. हजार ‘वाह’ मिळून हे झाले नसते.

राजशेखराने कवीची दिनचर्याही सांगितली आहे, आणि आजच्या कवीने ती एकदा तरी नीट वाचावी अशी आहे. दिवसाचा पहिला प्रहर अभ्यासाचा. दुसरा लिहिण्याचा. जेवणानंतरचा तिसरा प्रहर काव्यगोष्ठीचा, म्हणजे चार कवी-रसिकांत बसून ऐकण्या-ऐकवण्याचा. चौथा प्रहर सकाळी लिहिलेले तपासण्याचा, एकट्याने किंवा अगदी मोजक्या माणसांत. कारणही तो देतो: रसाच्या भरात लिहिणाऱ्याची नजर पारखी नसते, म्हणून नंतर पुन्हा पाहायचे, जास्तीचे काढायचे, कमी पडले ते भरायचे, चुकीच्या जागी बसलेले हलवायचे, निसटलेले आठवून परत आणायचे. आणि एवढे झाल्यावर, दिवस मावळल्यानंतर, पक्की प्रत लिहायची. आपल्या गटांवर तिसरा प्रहर चोवीस तास चालू असतो. चौथा जवळजवळ गायब आहे. पक्की प्रत तर आधीच हजार जणांच्या हाती पडलेली असते. तिच्यात बदल सुचवणारा मग आगाऊ ठरतो.

कवींनी एकमेकांचे तपासणे ही आपल्याकडे केवळ पोथीतली गोष्ट नव्हती. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या पोराची कविता जाणत्यांनी ऐकली आणि ‘बालकवी’ हे नाव त्याला तिथेच मिळाले. १९२३ मध्ये पुण्यात रविकिरण मंडळ उभे राहिले. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, मनोरमा आणि श्रीधर रानडे ही मंडळी जमत, एकमेकांच्या कविता वाचत, त्यांवर बोलत आणि मग एकत्र पुस्तक काढत. धुळ्यात पुरुषोत्तम पाटील यांनी १९८५ मध्ये सुरू केलेले ‘कविता-रती’ हे केवळ कवितेला वाहिलेले नियतकालिक तर मोठ्या शहरापासून दूर राहून चालले. वाशिमच्या शेजारचे उदाहरण सुरेश भटांचे. अमरावतीच्या या कवीने ‘गझलेची बाराखडी’ लिहिली आणि गझल लिहू पाहणाऱ्या अनोळखी पोरांना ती पाठवली. विदर्भात, मराठवाड्यात, खानदेशात गझल लिहिणारे जे शेकडो हात तयार झाले, त्यांच्या मुळाशी ही छोटी पुस्तिका आणि तिच्यासोबतचा पत्रव्यवहार आहे. उर्दूत अशा पत्रांतल्या दुरुस्तीला इस्लाह म्हणतात. गालिबही आपल्या शागिर्दांच्या गझला पत्रांतून दुरुस्त करून परत धाडत असे. १९९६ मध्ये परदेशस्थ मराठी माणसांनी मायबोली हे संकेतस्थळ सुरू केले, तिथे पुढे गझलेच्या कार्यशाळा झाल्या त्या याच वाटेने. म्हणून इंटरनेटवर तपासणी होऊच शकत नाही, असे म्हणायला आधार नाही.

गझलेच्या गटांत आजही ती थोडीफार दिसते, आणि तिचे कारण पाहण्यासारखे आहे. समजा, कोणी मतल्यात, म्हणजे पहिल्या शेरात, ‘वारा’ आणि ‘पसारा’ हे काफिये, म्हणजे यमकाचे शब्द, घेतले. ‘रा’च्या आधीचा ‘आ’ तिथे ठरून गेला. ती झाली अलामत. पुढच्या एखाद्या शेरात त्याने ‘चेहरा’ वापरला तर त्या ‘आ’च्या जागी ‘अ’ येतो आणि अलामत तुटते. गटातल्या कोणीही, वयाने किंवा मानाने कितीही लहान असो, दोन ओळींत ही चूक दाखवू शकतो आणि लिहिणाऱ्याला राग धरायला जागा राहत नाही, कारण बोट माणसाकडे नसते, अक्षराकडे असते. मुक्तछंदाच्या गटांत असे बोट ठेवायला ठरलेली जागा नसते, म्हणून सगळे ‘भावस्पर्शी’वर येऊन थांबते. पण मुक्तछंदातही विचारता येण्याजोगे प्रश्न पुष्कळ आहेत. शेवटच्या दोन ओळी काढल्या तर कविता पडते की उभी राहते? ‘काळजाचे पाणी’ ही प्रतिमा आधी किती जणांची होऊन गेली? दुष्काळाची कविता आहे, तर त्यात इथल्या तुरीचे, बोंडअळीचे, पीकविम्याच्या रांगेचे काही आहे, की कुठल्याही जिल्ह्याला लागू पडेल अशी भेगाळलेली भुईच पुन्हा आली आहे? असे प्रश्न विचारायला अलामत माहीत असावी लागत नाही, कविता दोनदा वाचलेली असावी लागते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे आणि तो खोटा नाही. चारचौघांत दोष काढले तर नवा माणूस लिहिणे सोडून देतो; विशेषतः जिच्या लिहिण्यावर घरातच नाक मुरडले जाते अशा बाईला पहिल्या कवितेवर ‘वाह’ मिळणे हाच मोठा आधार असतो. मान्य. पण राजशेखराने चौथ्या प्रहराला मोजकीच माणसे सांगितली, त्याचे मर्म इथेच आहे. मोठ्या गटात शाबासकी असू द्या. तपासणी सहा-सात जणांच्या लहान गटात व्हावी, जिथे प्रत्येक जण आपलेही लिखाण त्याच सुरीखाली ठेवतो. त्याच राजशेखराने भावकांचे, म्हणजे रसिक-समीक्षकांचे, चार प्रकार केले आहेत: एकाला काहीच रुचत नाही, दुसरा गवतासकट सगळे गिळतो, तिसरा मत्सरी, चौथा कवितेच्या गाभ्याशी जाणारा, आणि असा हजारांत एखादाच, असे तो म्हणतो. व्हॉट्सॲपच्या एका गटात आज १,०२४ माणसे बसतात, म्हणजे त्याच्या हिशेबाने गटाला असा एक वाचक. त्याला बोलते करणे हे गट चालवणाऱ्याचे खरे काम आहे. आणि बायकांच्या लिहिण्याविषयी म्हणाल तर पुरुषाप्रमाणे स्त्रियाही कवी होतात, असे राजशेखराने स्पष्ट नोंदवले, आणि आपली पत्नी अवंतिसुंदरी हिची काव्याविषयीची मते, इतर आचार्यांची द्यावीत तशी, नावानिशी ग्रंथात दिली. कौतुकापेक्षा मोठा मान हा, की तुमच्या मताची दखल घेऊन त्यावर वाद घालावा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पारखणारे म्हणून जे बसले होते ते निःपक्षपाती होते का? नव्हते. १९६९ मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी मुंबईत ‘सत्यकथा’ मासिकाचा अंक जाळला तो याच रागातून. खेड्यातली, दलित वस्तीतली, तांड्यावरची भाषा संपादकाच्या टेबलावर अशुद्ध ठरत होती. बहिणाबाईंच्या ओव्या त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, उतरवून ठेवल्या नसत्या आणि आचार्य अत्र्यांसारख्या वाचकाला ते सोने ओळखता आले नसते, तर १९५२ चे ते पुस्तक निघालेच नसते. अशा किती बहिणाबाई वऱ्हाडात मातीआड गेल्या असतील. पोहरादेवीला जमणाऱ्या बंजारा समाजाच्या मुलामुलींना आज गोरबोलीत लिहून ती कविता थेट आपल्या लोकांपर्यंत नेता येते, कोणाच्या परवानगीवाचून. मोबाइलने घडवलेला हा न्याय मला अत्यंत मोलाचा वाटतो. परंतु दार उघडले म्हणून पारख संपवायची, हा त्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे. जुन्या पारख्यांचा दोष त्यांनी पारख केली हा नव्हता. एकाच अंगणातली भाषा त्यांना मोजता येत होती, हा होता. वऱ्हाडी कवितेची पारख वऱ्हाडी जाणणाऱ्यांनी करावी, गोरबोलीची तांड्यावरच्यांनी. ती करणारे आज गटांत हजर आहेत. ते फक्त अंगठा दाखवून पुढे जातात.

तिसरी अडचण चोरीची, आणि तिने कवी खरोखर हैराण आहेत. कविता पुढे पाठवताना कोणीतरी खालचे नाव पुसतो. कधी तिथे ‘संकलन’ येते, कधी ती थेट पु. ल. देशपांडे किंवा व. पु. काळे यांच्या नावावर फिरते. या धास्तीने काही जण कविता दाखवणेच टाळतात. राजशेखरालाही ही भीती ठाऊक होती. नवी रचना एकट्या माणसापुढे वाचू नये, असे तो बजावतो. त्याने ती आपली म्हणून सांगितली तर साक्षीदार कुठून आणणार? या कसोटीवर गट उलट सुरक्षित ठरतो, कारण तिथे तारीख, वेळ आणि शेकडो साक्षीदार आपोआप जमा होतात. गळती होते ती पुढे पाठवताना. अभंगकर्त्यांनी तिचा बंदोबस्त फार पूर्वी केला होता. नाव शेवटच्या चरणातच गुंफलेले असल्याने ते गाळले तर चरण मोडतो. गझलेतल्या तखल्लुसाचेही, म्हणजे कवीच्या टोपणनावाचेही, तेच. कायदाही कवीच्या बाजूने आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लिहिताक्षणी हक्क निर्माण होतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही, आणि कलम ५७ प्रमाणे रचना आपली असल्याचे सांगण्याचा अधिकार हक्क विकल्यावरही लेखकाकडेच राहतो. पण कोर्टाची पायरी कोणी दोन कडव्यांसाठी चढत नाही. नाव नसलेली कविता गटावर येऊ द्यायची नाही, हा साधा नियम त्याहून जास्त काम करील.

राहता राहिली जतनाची गोष्ट. याच जिल्ह्यात कारंजा आहे. तिथल्या जैन भांडारांत जपलेल्या हस्तलिखितांमुळे पुष्पदंताची दहाव्या शतकातली अपभ्रंश काव्ये १९३० च्या दशकात संपादित होऊन छापली गेली. कोणीतरी नकलून घेतले, बासनात बांधले, वाळवीपासून वाचवले, म्हणून हजार वर्षांनी अभ्यासकाच्या हाती लागले. व्हॉट्सॲपच्या गटावर टाकलेली कविता मोबाइल बदलेपर्यंत टिकते. फोन भरला की आधी गटांतल्या मजकुरावरच कात्री चालते, आणि २०२० च्या टाळेबंदीत घराघरांतून जी कविता लिहिली-वाचली गेली तिचा किती भाग आज कोणाला काढून दाखवता येईल, याची मला खरीच काळजी वाटते.

म्हणून वाशिम जिल्ह्यात कवितेचे गट चालवणाऱ्या मंडळींना एक विनंती. आठवड्यातला एक दिवस राखून ठेवा. त्या दिवशी एकच कविता, कवीच्या नावगावासह आणि त्याच्या संमतीने, समोर घ्या. फुले, अंगठे, जोडलेले हात त्या दिवशी बंद. कोणती ओळ आवडली आणि का, कोणती खटकली आणि का, एवढेच प्रत्येकाने लिहावे. कवीने पंधरा दिवसांनी सुधारलेली प्रत द्यावी. वर्षाअखेर अशा पन्नासेक कविता होतील. त्या पहिल्या आणि शेवटच्या रूपात कागदावर छापून एकेक प्रत प्रत्येक तालुक्याच्या वाचनालयात द्यावी. खर्च फार नाही, आणि सुरुवात येत्या रविवारीही करता येईल.