विहिरीतला वायू आपोआप का जात नाही?

आगर-नरपडच्या बाजूला एखाद्या घरात पिकलेल्या चिकूंची टोपली ओटीवर ठेवली, की थोड्याच वेळात आत बसलेल्या माणसालाही वास येतो. हे वायूचे विसरण, असे आपण शाळेत शिकलो. (विसरण्याशी या शब्दाचा संबंध नाही, पसरण्याशी आहे.) पण ते अर्धेच खरे आहे. तो वास आत नेण्याचे बरेचसे काम घरातली हलती हवा करते. निव्वळ विसरणावर सोडले तर वास फार सावकाश येईल.

वायूचे कण जिथे दाटी जास्त तिथून कमी दाटीकडे जातात. खोलीतल्या हवेतील ऑक्सिजनचे कण सेकंदाला चारशे मीटरहून अधिक वेगाने धावतात, पण क्षणोक्षणी एकमेकांवर आदळून दिशा बदलतात. जत्रेच्या गर्दीत धावणाऱ्या मुलासारखी त्यांची गत होते. ॲडॉल्फ फिक या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८५५ मध्ये या पसरण्याचा नियम मांडला. त्यातून निघणारी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: अंतर दहापट झाले की वेळ शंभरपट लागतो. स्थिर हवेत ऑक्सिजन एक मिलिमीटर पसरायला सेकंदाचा लहानसा अंश पुरतो, एक मीटरला सुमारे सात तास लागतात आणि दहा मीटरला जवळजवळ एक महिना!

आपले शरीर या हिशेबावरच बेतलेले आहे. श्वासाने आपण हवा आत ओढतो, परंतु शेवटचा टप्पा, म्हणजे फुप्फुसातील वायुकोशातून रक्तात जाणे, फक्त विसरणाने होतो. वायुकोशाची भिंत मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असते. तिच्याजवळून रक्त पाऊण सेकंदात पुढे जाते आणि ऑक्सिजन पाव सेकंदातच भरून घेते. झाडाच्या पानाला तर फुप्फुसच नाही, पण ते पातळ असल्याने त्याचे भागते.

आता वाडीतली तीस-पस्तीस फूट खोल, बरेच दिवस झाकून ठेवलेली विहीर डोळ्यांसमोर आणा. तळाशी पालापाचोळा कुजतो, ऑक्सिजन खातो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. शेण किंवा मैला असेल तर मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइडही तयार होतो. मे महिन्यात वरची हवा तापून हलकी झालेली, आतली थंड व जड. ती वर येत नाही. मग उरते विसरण, आणि त्याला महिना हवा. झाकण काढून तासभर थांबलो म्हणजे वायू गेला, हा समज म्हणूनच जिवावर बेततो.

एप्रिल २०२४ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील वाकडी गावी, बायोगॅसची मळी साठवलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडले. ते काढायला, आणि मग एकमेकांना वाचवायला, माणसे उतरत गेली. पाच जण दगावले. कमरेला दोर बांधलेला एक जण वाचला.

इतक्या झटपट माणूस का पडतो? ऑक्सिजन जवळपास नसलेली हवा छातीत गेली, की विसरणाची दिशाच उलटते. रक्तातला ऑक्सिजन वायुकोशात परत येऊन श्वासाबरोबर बाहेर पडतो. दोन-चार श्वासांत शुद्ध हरपते, ओरडायलाही सवड मिळत नाही.

नाकाला ओला रुमाल बांधून काही साधत नाही. कंदील सोडून पाहण्याच्या जुन्या रीतीवरही विसंबू नये: तो जळत राहिला तरी विषारी वायू असू शकतो आणि मिथेन असेल तर भडका उडतो. कुजक्या अंड्यासारखा वास थांबला म्हणून धोका टळला असेही नव्हे. हायड्रोजन सल्फाइड वाढला की नाकच बधिर होते. डिझेल पंप विहिरीत उतरवून चालवणे तर साफ टाळावे, त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड तिथेच साचतो. विहीर किंवा शौचालयाची टाकी साफ करायची तर यंत्राने ताजी हवा आत सोडणारी, वायू मोजणारी प्रशिक्षित माणसेच बोलवावीत. कोणी आत पडलाच तर मागोमाग उतरू नका. ११२ किंवा अग्निशमन दलाच्या १०१ क्रमांकावर फोन करा. बाहेर काढलेला माणूस उठून बसला, बोलू लागला, तरी त्याला दवाखान्यात न्यावेच. फुप्फुसाला सूज काही तासांनीही येऊ शकते.