पेठांखालून वाहिलेले पाणी

शिक्षणासाठी पुण्यात येऊन वसतिगृहात बिऱ्हाड केल्यावर, शहराचा परिचय व्हावा म्हणून आम्ही सोबती रविवारी सकाळी पेठांतून पायी हिंडू लागलो, तेव्हा काळा हौद, बदामी हौद ही नावे वारंवार कानी पडत. परंतु त्या हौदांत पाणी कोठून येत असे, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना.

उत्तर कात्रजला मिळाले.

नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, १७५० च्या सुमारास, तेथे तलाव बांधून, दगडाचुन्याच्या भुयारी नळाने ते पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणि रयतेसाठी पेठांतील हौदांपर्यंत आणण्याची तजवीज झाली. यंत्र कोणतेही नव्हते. कात्रज उंचावर आणि शहर सखल, या नैसर्गिक उताराचा अचूक हिशेब करूनच पाणी खेळविले होते.

वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास, म्हणजे विहिरीसारखी उभी बांधकामे ठेवलेली होती. त्यांतून कोंडलेली हवा बाहेर पडे, गाळ तळाशी बसे आणि साफसफाईसाठी माणसास आत उतरता येई. शनिवारवाड्याच्या भव्य दिल्ली दरवाजापेक्षाही मला ही अदृश्य रचना अधिक थोर वाटते.

नव्याने आलेल्या विद्यार्थिमित्रांनो, काही विचारावयाचे असल्यास निःसंकोच विचारा. आणि जुन्या पुणेकरांनो, आपल्या वाड्यात या नळाचे पाणी येत असल्याची आठवण घरात कोणी सांगत असेल, तर ती अवश्य कळवा.