बालसंगोपन : मूल घरातच राहावे म्हणून

वडील वारले, आई आजारी, घरी वृद्ध आजी. अशा स्थितीत चौथीतील एखादा मुलगा हळूहळू शाळेत येईनासा होतो. हजेरीपटात त्याच्या नावापुढे शून्ये वाढू लागतात. गावातील वडीलधारी मंडळी मग सुचवितात, "त्याला एखाद्या आश्रमात ठेवा, निदान दोन वेळचे जेवण तरी मिळेल." सल्ला सद्भावनेचा असतो. परंतु केवळ जेवणासाठी मुलाला आजीपासून तोडणे अटळ आहे काय, हा विचार त्या वेळी सहसा कोणी करीत नाही.

कायद्याने तो केलेला आहे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, 2015 यात असे तत्त्व घालून दिले आहे की, मुलाच्या संगोपनाची पहिली जबाबदारी त्याच्या कुटुंबाची होय, आणि संस्थेत ठेवणे हा सर्वांत शेवटचा उपाय होय. यामागे केवळ भावना नाही. रुमानियातील बुखारेस्ट येथे 2000 साली सुरू झालेल्या एका अभ्यासात, अनाथालयातून काढून पालक-कुटुंबात ठेवलेली बालके अनाथालयातच वाढलेल्या बालकांपेक्षा बुद्धीच्या वाढीत पुढे गेल्याचे दिसले. शिवाय हा बदल जितक्या लहान वयात घडला, तितका लाभ अधिक होता. वसतिगृहे वा बालगृहे निरुपयोगी आहेत असा याचा अर्थ नव्हे. ज्याला खरोखरच कोणी नाही, त्याला ती हवीतच. मात्र ज्याला आजी आहे, मामा आहे, चुलती आहे, त्या मुलाचा प्रश्न बहुधा पैशाचा असतो, आणि पैशाच्या प्रश्नाला पैशाचेच उत्तर दिले पाहिजे.

हे उत्तर महाराष्ट्र शासनाच्या बालसंगोपन योजनेत आहे. ती आज क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाने ओळखली जाते. सावित्रीबाई व जोतीराव यांनी एका विधवेचा मुलगा यशवंत यास दत्तक घेऊन स्वतःच्या घरी वाढविले होते, हे ध्यानी घेतले म्हणजे नावाचे औचित्य पटते. अनाथ किंवा एकच पालक उरलेली, पालकांनी टाकून दिलेली, पालक दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळलेले अथवा तुरुंगात असलेली, अशी 18 वर्षांखालील मुले हिच्या कक्षेत येतात. अनुदान पूर्वी दरमहा 425 रुपये होते, पुढे ते 1,100 झाले आणि 2023 साली 2,250 रुपये करण्यात आले. केंद्र शासनाच्या मिशन वात्सल्य या योजनेतही प्रायोजकत्वाची दरमहा 4,000 रुपयांची तरतूद आहे. ग्रामीण भागात त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 72,000 रुपयांहून अधिक नसावे लागते.

अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयाकडे, म्हणजे तेथील बाल संरक्षण कक्षाकडे करावयाचा. कर्मचारी घरी जाऊन चौकशी करतात व आपला अहवाल बाल कल्याण समितीपुढे ठेवतात. या समितीत एक अध्यक्ष व चार सदस्य असतात. आदेश समितीचा असतो. खरी अडचण येते ती कागदपत्रांपाशी. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, आधार कार्ड, बँकेचे पासबुक, ही यादी ऐकूनच निरक्षर आजी माघारी फिरते. येथे शिक्षकाचे काम सुरू होते. शाळेचा बोनाफाईड दाखला तर त्याच्याच हातचा! तो देताना मुलाचे नाव व जन्मतारीख आधार कार्डाशी जुळते की नाही हे त्याने तेव्हाच पाहून घ्यावे. एका अक्षराच्या फरकाने अर्ज महिनोन्‌महिने अडून राहतो. अनुदान मिळू लागल्यावर मुलाने शाळेत नियमित यावे अशी अपेक्षा असते, म्हणून हजेरीकडेही त्याचे लक्ष असावे.

दोन बाबतींत मात्र विशेष सावधगिरी हवी. "मूलबाळ नसलेले एक चांगले घर आहे, तेथे देऊन टाकू," अशी बोलणी गावात होतात. परक्या कुटुंबाला मूल असे परस्पर देणे कायद्याने गुन्हा आहे व त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. दत्तकविधान वेगळे आणि पालकत्वाने सांभाळणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात जन्मदात्या कुटुंबाशी मुलाचे कायदेशीर नाते तुटत नाही. परंतु दोहोंचाही मार्ग कायदेशीर यंत्रणेतूनच जातो. दुसरी बाब म्हणजे गुप्ततेची. अशा मुलाचे नाव वा छायाचित्र वृत्तपत्रात छापण्यास कायद्याने मनाई आहे. परिपाठाच्या वेळी "हा आपला अनाथ विद्यार्थी" म्हणून त्याला पुढे उभे करणे आणि गणवेश देताना फोटो काढणे, यांत दात्याचा मान वाढतो; मुलाची मान मात्र खाली जाते.

सरपंचांच्या अध्यक्षतेखालील ग्राम बाल संरक्षण समिती गावोगावी असणे अपेक्षित आहे. तिची बैठक होत नसेल तर शिक्षकाने विषय लेखी मांडावा. मूल एकटे, टाकून दिलेले वा हरवलेले आढळल्यास मात्र बैठकीची वाट पाहू नये. 1098 या क्रमांकावर दूरध्वनी करावा; असे मूल प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे हजर करावे लागते.