लघुउद्योगात कामगार घडविताना

कोल्हापूरचे उद्यमनगर असो, नाशिकच्या सातपूर-अंबडच्या वसाहती असोत, की पिंपरी-चिंचवडमधील छोट्या शेड असोत. पाच-पंचवीस माणसांच्या बहुतेक कारखान्यांत एक जुना मेस्त्री असतो. कोणता जॉब कोणत्या यंत्रावर बांधावा, कोणत्या लोखंडाला किती गती द्यावी, यंत्राचा आवाज बदलला तर नेमके काय बिघडले, हे सारे त्याच्या हातात आणि डोक्यात असते. तो गावच्या जत्रेला चार दिवस गेला की एखादे यंत्र झाकून ठेवावे लागते; आणि तो कायमचा गेला की मालकाच्या ध्यानी येते की, यंत्रे आपण विकत घेतली, कसब मात्र उसनेच होते.

लघुउद्योजक भांडवल, कच्चा माल, वीज आणि बाजारपेठ यांची चिंता रात्रंदिवस वाहतो. कामगारांचे प्रशिक्षण ही मात्र मोठ्या कारखान्यांना परवडणारी बाब आहे, असा त्याचा समज असतो. वस्तुस्थिती उलट आहे. मोठ्या कारखान्यात एक माणूस कमी पडला तर दुसरा उभा करता येतो. लहान कारखान्यात एका माणसाच्या जाण्याने सारी साखळीच तुटते. म्हणून प्रशिक्षणाची निकड लहानाला अधिक आहे.

उमेदवारीची परंपरा

माणसे घडविण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये औंध संस्थानातील कुंडल रोड स्थानकाजवळच्या ओसाड माळावर कारखाना उभारला, तेव्हा तेथे तयार कारागीर रांगेत उभे नव्हते. आसपासची माणसे हाताशी धरूनच लोखंडी नांगराचा तो उद्योग उभा राहिला. पुढे गावोगावच्या वर्कशॉपमधून हीच रीत चालत आली. पोऱ्या म्हणून आलेला मुलगा आधी झाडलोट करी, यंत्रांना तेल घाली, पाने हातात देई आणि मेस्त्रीचे काम पाहत पाहत एक दिवस स्वतः लेथवर उभा राही.

या रीतीने अनेक उत्तम कारागीर दिले. परंतु तिच्यात तीन उणिवा होत्या व आजही आहेत. शिकण्यास वर्षे लागतात. ‘काय करावे’ हे दिसते, पण ‘तसेच का करावे’ हे कोणी सांगत नाही. त्यामुळे गुरूच्या चुकाही शिष्याकडे जशाच्या तशा जातात. आणि तिसरी उणीव सर्वांत गंभीर म्हणजे, जे धोके मेस्त्री सवयीने टाळतो, ते नवख्याला ठाऊकच नसतात. त्याला ते कळतात तेव्हा एखादे बोट गेलेले असते.

चार पायऱ्यांची पद्धत

या उणिवांवरचा उपाय खर्चिक नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत अननुभवी स्त्री-पुरुषांना अल्पावधीत कारखान्यांच्या कामाला लावण्याची वेळ आली. तेव्हा, १९४० ते १९४५ या काळात, कारखान्यातच प्रशिक्षण देण्याचा एक कार्यक्रम राबविण्यात आला. युद्धानंतर ही पद्धत जपानमध्ये गेली आणि तेथील मोटार-उद्योगाने ती आपलीशी केली. तिचा गाभा चार पायऱ्यांत सांगता येतो.

पहिली पायरी तयारीची. शिकणाऱ्याची भीती घालवावी, त्याला काय येते ते विचारावे आणि हे काम पुढे कशासाठी उपयोगी पडणार आहे ते सांगावे. दुसरी पायरी दाखविण्याची. काम टप्प्याटप्प्याने करून दाखवावे, प्रत्येक टप्प्यातील मर्म सांगावे व त्याचे कारणही सांगावे. तिसरी पायरी करून घेण्याची. शिकणाऱ्याने काम करावे आणि करताना मर्म स्वतःच्या तोंडाने सांगावे. चौथी पायरी पाठपुराव्याची. त्याला कामावर सोडावे, अडचण आल्यास कोणाला विचारायचे ते सांगावे आणि सुरुवातीस वरचेवर पाहणी करून पुढे ती कमी करीत जावे.

लेथवर जॉबचे तोंड सपाट करण्याचे साधे काम उदाहरणादाखल घेता येईल. जॉब चकमध्ये घट्ट बांधणे हा पहिला टप्पा. त्यातील मर्म असे की, चकची चावी लगेच काढून घ्यावयाची. कारण यंत्र सुरू होताच ती गोफणीतून सुटलेल्या दगडाप्रमाणे भिरकावली जाते. टूल बरोबर केंद्राच्या उंचीवर बसविणे हा दुसरा टप्पा. कारण ते खाली राहिले तर जॉबच्या मधोमध बारीक उंचवटा उरतो. यंत्र चालवताना हातमोजे वा सैल बाह्या नकोत. कारण फिरता जॉब कापड ओढून घेतो व कापडाबरोबर हातही. माप घेणे हा शेवटचा टप्पा. ते यंत्र पूर्ण थांबल्यावरच घ्यावयाचे. एवढा मजकूर एका कागदावर मावतो. तो मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून यंत्राजवळ लावला, तर मेस्त्रीच्या डोक्यातील विद्येचा एक तुकडा कारखान्याच्या मालकीचा होतो.

भिंतीवरचा तक्ता

कोणाला काय शिकवायचे, हे ठरविण्यासाठी आणखी एक कागद पुरेसा आहे. डाव्या बाजूस कामगारांची नावे, वरच्या बाजूस कारखान्यातील कामे; ज्याला जे काम स्वतंत्रपणे येते तेथे खूण करावयाची. ज्या कामाखाली एकच खूण असेल, तेथे कारखाना एका माणसाच्या आधारावर उभा आहे, असे समजावे. त्या कामासाठी दुसरा माणूस कोणत्या तारखेपर्यंत तयार करावयाचा, हे तेथेच लिहावे.

असा तक्ता आणखीही काही दाखवितो. जुळणी व तपासणीच्या कामावर वर्षानुवर्षे असलेल्या महिला कामगारांना यंत्रावरचे काम शिकविण्याचा विचारच अनेक ठिकाणी झालेला नसतो. त्यांच्या नावापुढील रिकाम्या चौकटी भरणे हाही कारखान्याच्या विकासाचाच भाग होय.

कायदा आणि योजनांचा आधार

लघुउद्योजकाला हे काम एकट्याने करावे लागत नाही. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ आणि त्याखालील नियमांत २०१९ मध्ये झालेल्या सुधारणांनुसार तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. चार ते एकोणतीस कामगार असलेल्या आस्थापनांना ते ऐच्छिक आहे. उमेदवारांची संख्या एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के इतकी ठेवता येते. केंद्र शासनाने २०१६ मध्ये राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना सुरू केली. तीत विद्यावेतनाचा पंचवीस टक्के, परंतु दरमहा १,५०० रुपयांपर्यंतचा वाटा शासनाने उचलण्याची तरतूद करण्यात आली. मात्र उमेदवार हा स्वस्तातला मजूर नव्हे. तो शिकण्यासाठी आलेला असतो, आणि त्याच्या सुरक्षिततेची जबाबदारी मालकावरच असते.

राज्यात चारशेहून अधिक शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. जवळच्या संस्थेतील निदेशकांशी संबंध ठेवल्यास होतकरू उमेदवार मिळण्यास मदत होते. नव्या उद्योजकांसाठी १९८८ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र कार्यरत आहे. ज्या जुन्या कारागिरांकडे कसब आहे पण कागद नाही, त्यांच्या पूर्वानुभवाची पारख करून प्रमाणपत्र देण्याची सोय २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत करण्यात आली. वीस वर्षे यंत्रावर घालवलेल्या माणसाच्या हाती प्रथमच स्वतःच्या नावाचे प्रमाणपत्र येते, तेव्हा त्याला त्याचे मोल केवळ पगारापुरते वाटत नाही.

शिकवले आणि गेला तर?

प्रशिक्षणाच्या आड येणारा खरा प्रश्न हाच आहे. शिकलेला कामगार शेजारच्या कारखान्यात चार पैसे जास्त मिळाले की निघून जाईल, ही मालकाची भीती अगदीच निराधार नाही. परंतु न शिकवलेला कामगार राहिला तर काय होते, याचाही हिशेब मांडला पाहिजे. पहिल्या यंत्रावर चुकलेले माप पाचव्या यंत्रावर उघड झाले, तर मधल्या साऱ्या हातांची मेहनत वाया जाते. तुटलेली टूल, परत आलेला माल आणि अपघात यांचे बिल कोणी वेगळे लिहीत नाही, म्हणून ते दिसत नाही इतकेच.

माणूस टिकतो तो केवळ पगारावर नव्हे. नवे काम आत्मसात केले की वेतनात किती वाढ होईल, हे आधी जाहीर असावे. नियुक्तिपत्र हाती असावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या श्रमसंहितांनी, त्या लागू असलेल्या आस्थापनांत, नियुक्तिपत्र देणे ही मालकाची जबाबदारी ठरविली आहे. चूक झाल्यास चारचौघांत अपमान न करता कारण समजावून द्यावे. सुचविलेली सुधारणा अमलात आली, तर ती कोणाची हे सर्वांना सांगावे.

मालकाप्रमाणेच मेस्त्रीच्या मनातही एक भीती असते. सारे शिकवून टाकले तर आपली किंमत काय राहणार? ही भीती मालकानेच दूर करावयाची असते. मेस्त्रीला शिक्षकाचा मान द्यावा, शिकवण्याबद्दल वेगळा भत्ता द्यावा, आणि किती काम काढले याबरोबरच किती माणसे तयार केली यावरही त्याची पारख करावी.

आठवड्यातून एक तास यंत्र थांबवून शिकवले तर उत्पादन बुडते, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु शेतकरी बियाणे राखून ठेवतो तेव्हा धान्य वाया गेले, असे कोणी म्हणत नाही. आजचा हाताखालचा पोऱ्या हा उद्याचा मेस्त्री, आणि कदाचित परवाचा उद्योजक आहे. त्याला घडविण्यासाठी राखून ठेवलेला तो एक तास हेच लहान कारखान्याचे बियाणे होय.