मद्यपान सर्वेक्षणांतील कबुली : सांगितलेले किती, प्यालेले किती?

नवी दिल्ली : ‘आपण मद्यपान करता का?’ आरोग्य सर्वेक्षणातील हा साधा प्रश्न. मात्र त्याच्या उत्तराइतके निसरडे उत्तर क्वचितच दुसरे असेल. देशात किती लोक मद्य घेतात, त्यामुळे किती आजार होतात आणि उपचारांची सोय कुठे हवी, याचे बरेचसे अंदाज लोकांनी स्वतः दिलेल्या अशाच उत्तरांवर उभे असतात. त्यामुळे ही उत्तरे कितपत विश्वासार्ह आहेत, हा केवळ संख्याशास्त्राचा प्रश्न उरत नाही.

दोन सर्वेक्षणे, दोन आकडे

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) देशातील 15 वर्षांवरील 18.8 टक्के पुरुष आणि 1.3 टक्के महिला मद्यपान करतात. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात मात्र 10 ते 75 वयोगटातील पुरुषांमध्ये हेच प्रमाण 27.3 टक्के आढळले. शाळकरी मुलेही गणतीत असताना आकडा कमी होण्याऐवजी वाढला.

प्रश्नाची शब्दयोजना हे या तफावतीचे एक संभाव्य कारण आहे. ‘एम्स’ने गेल्या 12 महिन्यांतील सेवन विचारात घेतले होते. केवळ ‘पिता का?’ असे विचारले, तर लग्नात किंवा होळीलाच घेणारा माणूस निःसंकोच ‘नाही’ म्हणतो. तो खोटे बोलत नसतो. त्याच्या लेखी ‘पिणारा’ म्हणजे रोज पिणारा.

विक्री सांगते वेगळेच

सांगितलेले प्रमाण पडताळण्याचा एक मार्ग म्हणजे त्याची विक्रीशी तुलना. अनेक देशांच्या अनुभवानुसार, सर्वेक्षणात लोकांनी सांगितलेल्या मद्याची बेरीज प्रत्यक्ष विक्रीच्या साधारण 40 ते 60 टक्केच भरते. भारतात ही पडताळणी अधिक कठीण आहे. हातभट्टी, ताडी आणि घरगुती मद्य यांची नोंद अबकारी खात्याकडे होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2016 मध्ये भारतातील दरडोई मद्यसेवन 5.7 लिटर शुद्ध अल्कोहोल इतके होते आणि त्यातील मोठा वाटा अशा नोंदबाह्य मद्याचा होता.

‘एकच घेतो’ म्हणजे किती?

सगळी तूट लपवाछपवीमुळे येत नाही. स्मरणशक्ती आणि माप यांचाही त्यात हात असतो. आंतरराष्ट्रीय प्रश्नावल्यांमध्ये सुमारे 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल हे एक प्रमाणित माप धरले जाते. भारतीय व्हिस्की किंवा रमचा 30 मिलिलिटरचा पेग जवळपास तेवढाच भरतो. पण 650 मिलिलिटरच्या, आठ टक्के तीव्रतेच्या एका ‘स्ट्राँग’ बीअरमध्ये अशी चार मापे असतात आणि 180 मिलिलिटरच्या ‘क्वार्टर’मध्ये सहा. सहा मापे एका बैठकीत घेणे हे जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा प्रश्नांच्या ‘ऑडिट’ चाचणीत अतिसेवनाचे लक्षण मानले जाते. म्हणजे ‘रोज एकच क्वार्टर’ असे प्रामाणिकपणे सांगणारा माणूस प्रत्यक्षात रोज अतिसेवन करत असतो. घरी हाताच्या अंदाजाने ओतलेल्या पेगचा तर हिशेबच नाही.

याशिवाय, सर्वाधिक पिणारे अनेकदा सर्वेक्षकांना भेटतच नाहीत. बेघर, तुरुंगातील कैदी, रुग्णालयात दाखल असलेले रुग्ण हे घरोघरी जाणाऱ्या पाहणीतून निसटतात.

कायदा आणि लोकलज्जा

प्रश्न कोण विचारतो, कुठे विचारतो आणि ऐकायला शेजारी कोण बसले आहे, यावरही उत्तर बदलते. सासूसमोर सुनेने किंवा वडिलांसमोर मुलाने दिलेल्या नकाराचा अर्थ लावताना सावध राहावे लागते. महिलांच्या आकड्यांबाबत ही सावधगिरी विशेष आवश्यक आहे. जिथे महिलांचे मद्यपान समाजमान्य आहे, तिथे ते उघडपणे सांगितले जाते. अरुणाचल प्रदेशात सुमारे 24 टक्के महिलांनी तसे सांगितले.

बिहारमध्ये एप्रिल 2016 पासून संपूर्ण दारूबंदी आहे. तरीही पाचव्या सर्वेक्षणात तेथील 15.5 टक्के पुरुषांनी मद्यपान करत असल्याचे नोंदले गेले. महाराष्ट्रात हे प्रमाण 13.9 टक्के होते. जिथे मद्यपान हाच गुन्हा आहे, तिथली कबुली किमान आकडाच मानावी लागते. महाराष्ट्रातही 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार मद्य पिण्यासाठी परवाना लागतो आणि वर्धा, गडचिरोली या जिल्ह्यांत दारूबंदी आहे.

चूक दरवेळी सारखीच असती, तर निदान कल तरी ओळखता आला असता. परंतु बंदी लागू झाली की पिणेही बदलते आणि सांगणेही. त्यामुळे बंदीनंतर घटलेल्या आकड्यात व्यसनमुक्ती किती आणि मौन किती, हे केवळ सर्वेक्षणातून ठरवता येत नाही.

उपाय कोणते?

‘काल काय घेतले?’ असे नेमके विचारणे, प्रत्येक पेयाचा स्वतंत्र प्रश्न ठेवणे, बाटली-ग्लासची चित्रे दाखवणे आणि उत्तर गुप्तपणे नोंदवू देणे, यांमुळे माहिती अधिक अचूक मिळते. रक्तातील ‘फॉस्फेटिडिल इथेनॉल’ हा घटक गेल्या दोन ते चार आठवड्यांतील मद्यसेवनाचा माग देतो. मात्र अशा चाचण्या खर्चिक आहेत आणि त्यांना व्यक्तीची संमती लागते. त्यामुळे स्वकथन पूर्णपणे टाळता येणार नाही. ते विक्री, रुग्णालयीन नोंदी आणि चाचण्या यांच्याशी ताडून पाहावे लागेल.

दवाखान्यात तर हा प्रश्न अधिकच गंभीर होतो. रोज भरपूर पिणाऱ्या रुग्णाने शस्त्रक्रियेपूर्वी ही गोष्ट लपवली, तर मद्य अचानक बंद झाल्याने दोन-तीन दिवसांत त्याला झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जीवही धोक्यात येतो. आधी कळले असते तर डॉक्टरांना ते टाळणे शक्य असते. म्हणूनच खरे उत्तर मिळवण्याची पहिली अट प्रश्नावलीत नसून विचारणाऱ्याच्या स्वरात आहे. उत्तरामागे ना शिक्षा आहे, ना निंदा, अशी खात्री पटली तरच माणूस खरे सांगतो.