अनिष्ट तफावत : वर्धा जिल्हा बँक आणि रखडलेले विलीनीकरण

महाराष्ट्रातील सहकारी पतपुरवठा तीन पायऱ्यांवर उभा आहे. गावात विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्था, जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक आणि मुंबईत महाराष्ट्र राज्य सहकारी बँक अशी ही रचना असून, शेतकरी संस्थेचा, संस्था जिल्हा बँकेची आणि जिल्हा बँक राज्य बँकेची सभासद असते. राज्यातील अशा ३१ जिल्हा बँकांपैकी वर्धा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेची गेल्या २५ वर्षांतील वाटचाल पाहिली म्हणजे दोन प्रश्न एकमेकांत किती गुंतले आहेत हे कळते : राजकारणातून आलेल्या संचालक मंडळांनी सहकारातील पैसा कसा हाताळला, आणि अशा हाताळणीने खचलेली बँक मोठ्या बँकेत विलीन केल्याने नेमके काय सुटते.

वर्धा शहराला लागून वाढलेल्या बोरगाव मेघेसारख्या गावात या बँकेशी दोन्ही बाजूंनी संबंध येतो. मूळ गावी कापूस, सोयाबीन आणि तुरीची शेती असलेला रहिवासी कर्जदार म्हणून तिच्याशी बांधलेला असतो, तर शिक्षक, निवृत्त कर्मचारी किंवा पतसंस्था चालवणारा रहिवासी ठेवीदार म्हणून. बँक बसली की एकाला पीककर्ज मिळत नाही आणि दुसऱ्याला स्वतःची ठेव मिळत नाही, त्यामुळे बँकेचे काय करावे या प्रश्नावर एकाच घरात दोन मते असू शकतात.

अधिकृत इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने सावकाराला पर्याय म्हणून गावोगाव पतसंस्था निघाल्या, १९११ मध्ये विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लूभाई सामळदास यांच्या पुढाकाराने मुंबईत आजच्या राज्य सहकारी बँकेची मूळ बँक स्थापन झाली, आणि १९५४ च्या सुमारास गोरवाला समितीच्या ग्रामीण पतपाहणीने सरकारी भागभांडवलाची शिफारस केल्यानंतर सहकारात सरकारचा आणि पर्यायाने राजकारणाचा पाय कायमचा रोवला गेला. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाने या सगळ्याला आजची चौकट दिली.

या रचनेचे खरे यंत्र मात्र मुंबईत किंवा वर्ध्यात नसून गावातल्या संस्थेच्या दप्तरात आहे, आणि ते चालवतो गटसचिव. एका गटसचिवाकडे बहुधा एकाहून अधिक संस्था असतात. खरिपाआधी तो सभासदांचे सातबारा आणि आठ-अ गोळा करतो, कोणत्या पिकाखाली किती क्षेत्र आहे ते पाहून आणि पीकनिहाय ठरलेल्या दराने हिशोब करून प्रत्येकाची कर्जमर्यादा काढतो. या तक्त्याला कमाल मर्यादा पत्रक किंवा व्यवहारात क. म. पत्रक म्हणतात. पत्रक संस्थेच्या समितीपुढे, तेथून बँकेच्या निरीक्षकाकडे आणि मग शाखेत जाते. शेतकऱ्याने कर्जापोटी जमिनीवर बोजा चढवण्यास दिलेल्या संमतीला इकरार म्हणतात, आणि त्याची नोंद तलाठ्याकडे सातबाऱ्यावर होते. मार्च आला की हाच गटसचिव वसुलीला निघतो. ज्यांच्याकडे पैसे नसतात ते चार दिवसांसाठी कुठून तरी उसनवारी करून रक्कम भरतात आणि एप्रिलमध्ये नवे कर्ज उचलून ती उसनवारी फेडतात. खाते नवे-जुने करणे असे याला म्हणतात. कागदावर वसुली शंभर टक्के दिसते, प्रत्यक्षात थकबाकीच पुढच्या वर्षात सरकलेली असते.

या दप्तरातील सर्वांत चिवट आकडा म्हणजे अनिष्ट तफावत. संस्थेने बँकेला देणे असलेली रक्कम आणि सभासदांनी संस्थेला देणे असलेली रक्कम यांत पहिली जास्त भरली, तर त्या फरकाला हे नाव आहे. तो कसा तयार होतो हे एका कल्पित उदाहरणावरून पाहता येईल. समजा, संस्थेने बँकेकडून १ कोटी रुपये घेऊन सभासदांना वाटले आणि निम्म्या सभासदांनी परतफेड केली, म्हणजे ५० लाख मुद्दल आणि ४ लाख व्याज जमा झाले. त्यातून सचिवाचा पगार, स्टेशनरी आणि गोदामाचे भाडे यांसाठी संस्थेने २ लाख ठेवून ५२ लाख बँकेत भरले. बँकेने पूर्ण कर्जावरील ७ लाख रुपये व्याज आधी वळते करून उरलेले ४५ लाख मुद्दलात जमा केले. आता बँकेच्या खतावणीत संस्थेकडे ५५ लाख येणे दिसते, आणि संस्थेच्या खतावणीत सभासदांकडे ५० लाख. मधले ५ लाख कोणत्याच शेतकऱ्याच्या नावावर नाहीत. कोणीही चोरी केलेली नाही, तरी पैसे नाहीत. थकलेले व्याज पुढे वसूल झाले तर ही दरी अंशतः भरते. पण व्याज सोडून द्यावे लागले, कर्जदाराचा ठावठिकाणा राहिला नाही किंवा खताच्या धंद्यात संस्थेला तोटा आला, तर ती कायमची होते. त्यात कुठे खरोखरचा अपहार झाला असेल, तर तोही याच आकड्यात बेमालूम मिसळून जातो. सहकारातील गैरव्यवहार इतकी वर्षे झाकून राहण्याचे एक कारण येथे आहे, कारण प्रामाणिक तोटा आणि अप्रामाणिक तोटा एकाच ओळीत लिहिला जातो.

बँकेच्या संचालक मंडळावर निवडून जायचे तर या संस्थांच्या प्रतिनिधींची मते लागतात. ज्याच्या ताब्यात संस्था, त्याच्या ताब्यात बँक, आणि ज्याच्या ताब्यात बँक, त्याला विधानसभेची वाट सोपी, असा हा क्रम असल्याने मतदार असलेल्या संस्थेची तफावत तपासायला आणि थकबाकीदारावर कलम १०१ खाली वसुलीचा दाखला काढायला मंडळे फारशी उत्सुक नसतात. पक्ष कोणताही असो, या बाबतीत फरक पडल्याचे दिसत नाही.

वर्ध्यावर पहिला मोठा घाव मात्र गावातून नव्हे, मुंबईतून आला. कर्जवाटपातून उरलेला निधी जिल्हा बँका सरकारी रोख्यांत गुंतवतात, आणि हे रोखे दलाल कंपन्यांमार्फत घेण्याची प्रथा त्या काळी होती. २००१-०२ मध्ये नागपूर, वर्धा आणि उस्मानाबाद या जिल्हा बँकांनी होम ट्रेड आणि तत्सम कंपन्यांना रोख्यांसाठी पैसे दिले. रोखे हाती आले नाहीत आणि पैसेही परतले नाहीत. सचिन तेंडुलकर आणि शाहरुख खान यांच्या जाहिरातींनी होम ट्रेडचे नाव घरोघर पोहोचले होते. एप्रिल २००२ मध्ये नागपुरात गुन्हा दाखल झाला, आणि त्या खटल्याचा निकाल २२ डिसेंबर २०२३ रोजी, म्हणजे २१ वर्षांनी लागला. तेव्हाचे नागपूर बँकेचे अध्यक्ष आणि पुढे राज्याचे मंत्री झालेले सुनील केदार यांच्यासह सहा जणांना पाच वर्षांची शिक्षा झाली आणि केदार यांची आमदारकी गेली. शिक्षेविरुद्ध त्यांनी अपील केले असून जानेवारी २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. ज्या ठेवीदाराने २००२ मध्ये पन्नाशी ओलांडली होती, त्याला हा पहिला निकाल सत्तरीत वाचायला मिळाला.

बुडालेल्या गुंतवणुकीने भांडवल खाल्ले. रिझर्व्ह बँकेने जिल्हा बँकांना परवान्यासाठी ३१ मार्च २०१२ ची मुदत दिली होती. किमान ४ टक्के भांडवल पर्याप्तता, म्हणजे जोखमीच्या मालमत्तेच्या तुलनेत स्वतःचे भांडवल, ही त्यातील मुख्य अट होती. नागपूर, वर्धा आणि बुलडाणा या तिन्ही बँका तेथे अडल्या आणि नव्या ठेवी घेण्यास त्यांना मनाई झाली. नव्या ठेवी बंद झालेल्या बँकेतून जुन्या ठेवी काढायला रांग लागते हे सांगायला नको. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने चार राज्यांतील २३ परवानाविरहित जिल्हा बँकांसाठी सुमारे २,३७५ कोटी रुपयांची पुनरुज्जीवन योजना मंजूर केली, आणि तीत महाराष्ट्रातील याच तीन बँका होत्या. पुढे परवाना मिळाला, पण बँकेच्या पायात बळ आले नाही. अशा स्थितीत २०१७-१८ या काळात या तीन बँका राज्य सहकारी बँकेत विलीन कराव्यात असा प्रस्ताव पुढे आला.

प्रस्ताव तर्काला धरून होता. केरळने २०१९ मध्ये १३ जिल्हा बँका आपल्या राज्य सहकारी बँकेत विलीन केल्या. मलप्पुरम तेव्हा बाहेर राहिली. झारखंडनेही तशीच वाट धरली. तीनऐवजी दोन पायऱ्या झाल्या की मधला व्याजाचा हिस्सा वाचतो आणि कर्ज स्वस्त होते, हा यामागचा हिशोब. मे २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या : राज्य सरकारने प्रस्ताव द्यायचा, भागधारकांचे दोन-तृतीयांश बहुमत मिळवायचे, नाबार्डची शिफारस घ्यायची आणि भांडवल कोठून येणार हे आधी सांगायचे.

अडचणी येथून सुरू होतात, आणि पहिली अडचण ज्या बँकेत विलीन व्हायचे तिचीच. राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळ रिझर्व्ह बँकेच्या कारवाईनंतर मे २०११ मध्ये बरखास्त झाले. साखर कारखाने आणि सूतगिरण्यांना दिलेल्या कर्जांबद्दल २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने गुन्हा नोंदला गेला आणि २०२० मध्ये आर्थिक गुन्हे शाखेने तपास बंद करण्याचा अहवाल दाखल केला. कारखान्याने कर्ज बुडवल्यास ते सरकार भरेल अशी जी लेखी हमी असते तिला थकहमी म्हणतात. बँकेने अशा हमीवर पैसे दिले आणि सरकारने वेळेवर भरले नाहीत, हा या प्रकरणांतला नेहमीचा धागा. प्रशासकांच्या काळात बँक नफ्यात आली हे खरे, आणि ते श्रेयाचे आहे. पण ज्या शिस्तीमुळे ती सावरली तीच शिस्त तिला तीन आजारी बँका निमूटपणे गळ्यात बांधून घेऊ देणार नाही.

दुसरी अडचण भागांची आहे. पीककर्ज घेताना शेतकऱ्याकडून ठरावीक टक्के रक्कम संस्थेच्या भागांपोटी कापली जाते आणि संस्था त्यातून जिल्हा बँकेचे भाग घेते. विलीनीकरणात भागांचा मोबदला बँकेच्या नक्त मूल्यावरून ठरतो. मूल्य उणे असेल तर मोबदला शून्य, म्हणजे बँकेच्या तोट्याचा शेवटचा वाटा वर्षानुवर्षे कर्जातून कापल्या गेलेल्या रकमेच्या रूपाने शेतकऱ्यावर येतो, आणि अनेकदा त्याला ते कळतही नाही. कर्मचाऱ्यांची वेतनश्रेणी, ज्येष्ठता आणि संगणक प्रणाली हे प्रश्न आहेतच. ते कष्टाचे असले तरी सुटणारे आहेत. भागांचा प्रश्न सुटणारा नसून कोणी तरी सोसण्याचा आहे.

तिसरी अडचण अनिष्ट तफावतीची. जिल्हा बँकेच्या ताळेबंदात वरच्या उदाहरणातले ५५ लाख येणे म्हणून दिसतात. विलीनीकरणानंतर ते राज्य बँकेच्या ताळेबंदात तसेच उतरतील, आणि त्यामागे ५० लाखांचेच कर्जदार आहेत हे संस्थानिहाय तपासणी केल्याशिवाय मुंबईत बसून दिसणार नाही. केंद्राने २०२२ मध्ये ६३,००० प्राथमिक संस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, ती येथे उपयोगी पडू शकते. मात्र चुकीची खतावणी संगणकात भरली तर ती अधिक नीटनेटकी होते, बरोबर होत नाही. विलीनीकरणाआधी संस्थानिहाय तफावत मोजणे, तिच्यातला अपहार वेगळा काढून त्याची जबाबदारी ठरवणे आणि उरलेली रक्कम सरकार, बँक व संस्था यांच्यात उघडपणे वाटणे हा क्रम उलटला, तर बदलेल ती फक्त पाटी.

या कामाची सुरुवात मुंबईतून होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. अधिनियमाच्या कलम ३२ नुसार प्रत्येक सभासदाला संस्थेचा शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, सभांची इतिवृत्ते आणि स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी संस्थेच्या कार्यालयात विनामूल्य पाहता येतात, आणि वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घेणे संस्थेवर बंधनकारक आहे. वर्धा जिल्ह्यातील सभासदांनी येत्या सभेत तीन आकडे मागून इतिवृत्तात नोंदवून घ्यावेत : संस्थेचे बँकेला देणे, सभासदांकडून संस्थेला येणे, आणि या दोहोंतला फरक.